आधी वह्या, मग गोदामं: लष्करी पुरवठा डेपो एकत्र कसे करावेत

मालाड-कांदिवलीच्या पूर्वेला सेंट्रल ऑर्डनन्स डेपोची, म्हणजे लष्करी सामानाच्या मध्यवर्ती कोठाराची, भिंत आहे, घाटकोपरला नौदलाचं मटेरियल ऑर्गनायझेशन, खाडीपलीकडे उरणला करंजाचा शस्त्रास्त्र डेपो. या भिंतींच्या आसपास राहणाऱ्यांची डेपोशी ओळख होते ती बहुतेक पुनर्विकासाच्या एनओसीमुळे. लष्करी जागांजवळच्या बांधकामावर बंधनं घालणारा १९०३ सालचा वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला जवळजवळ पाठ असतो. मग मीटिंग संपली की चहाच्या कपावर कोणीतरी हमखास म्हणतं, "एवढी जागा अडवण्यापेक्षा हे सगळं एका ठिकाणी का नेत नाहीत? केवढा पैसा वाचेल!"

प्रश्न चुकीचा नाही, उत्तराची सुरुवात चुकते. मी संरक्षण खात्याच्या एका डेपोत स्टोअरकीपर म्हणून लागलो आणि साठा-नियंत्रणाच्या टेबलावरून निवृत्त झालो. त्या काळात दोनदा एकत्रीकरण पाहिलं. पहिल्या वेळी आम्ही चार महिन्यांत शेड रिकाम्या केल्या, ट्रक धावले, फीत कापली, पेढे वाटले. तीन वर्षांनी आकडे काढले तर एकूण साठा आधीपेक्षा जास्त! दुसऱ्या वेळी वर्षभर एक खोकंही हललं नाही, आम्ही फक्त वह्या जुळवत बसलो होतो, आणि साठा उतरला. पुढचं सगळं त्या दोन अनुभवांतून आलेलं आहे.

मोठ्या प्रमाणावरही हेच दिसतं. अमेरिकेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या सेनादलांचे वेगवेगळे पुरवठा डेपो डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी या एकाच संस्थेच्या हाताखाली आणले. इमारतींची मालकी काही वर्षांत बदलली. पण त्यांच्या ऑडिट खात्याने १९९० मध्ये संरक्षण खात्याचा साठा 'मोठी जोखीम' म्हणून ज्या यादीत टाकला होता, त्या यादीतून तो बाहेर यायला २०१७ साल उजाडलं. मधली २७ वर्षं गेली ती नोंदी, मागणीचे अंदाज आणि नको असलेली खरेदी थांबवण्यात.

आपल्याकडे सेनादलांची लढाऊ ताकद वाढवून खर्चाचा तोल साधण्यासाठी नेमलेल्या लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीने २०१६ मध्ये अहवाल दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने त्यातल्या ६५ शिफारशी मान्य केल्या, त्यांत वाहन डेपो, ऑर्डनन्स डेपो आणि सेंट्रल ऑर्डनन्स डेपोंची फेररचना होती आणि साठा-नियंत्रणाची घडी नीट बसवणंही होतं. पुढे १ एप्रिल २०२१ ला मुंबईत तिन्ही दलांसाठी जॉइंट लॉजिस्टिक्स नोड सुरू झाला. त्यातली कल्पना अशी की दलं तीन असली तरी शिधा, इंधन, सर्वसाधारण सामान आणि भाड्याची वाहतूक यांची व्यवस्था एकत्र असावी. म्हणजे दिशा ठरलेली आहे. प्रत्यक्ष टेबलावर बसणाऱ्याने सोमवारी सकाळी काय करायचं, ते सांगतो.

पहिलं काम: मोजणी, आणि तीही आंधळी

एक तारीख ठरवा. त्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर एकही इश्यू व्हाउचर (माल दिल्याचं), एकही रिसीट व्हाउचर (माल घेतल्याचं) फाडायचं नाही. मधेच लटकलेली व्हाउचरं वेगळ्या फायलीत घाला; अर्धे घोळ तिथेच असतात. सरकारी वित्तीय नियमांप्रमाणे साठ्याची प्रत्यक्ष पडताळणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी, आणि कागदावर ती होतेही. पण मोजणाऱ्याच्या हातात शिल्लक लिहिलेली यादी असली की तो मोजत नाही, टिक करतो. म्हणून मोजणीच्या कागदावर फक्त वस्तूचं नाव आणि जागा लिहा, आकड्याचा रकाना कोरा ठेवा. माणसंही दुसऱ्या डेपोतली आणा.

मग तीन आकडे शेजारी शेजारी मांडा: लेजर काय म्हणतं, बिनकार्ड (मालापाशी लावलेलं शिलकीचं कार्ड) काय म्हणतं आणि फळीवर काय आहे. तिन्ही जुळले तर नशीब.

यात एक गोष्ट कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसते. आमच्याकडे एक जुने स्टोअरकीपर होते, निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. मोजणी त्यांच्या शेडमध्ये पोचली तेव्हा हळूच म्हणाले, "साहेब, ते कोपऱ्यातलं हिरवं कपाट उद्या बघू या." उद्या म्हणजे कधी, हे मला कळलं. उघडलं तर आत ऑइल सील, फॅन बेल्ट, ब्रेकचे वॉशर किट, सगळं ग्रीसच्या कागदात व्यवस्थित गुंडाळून, वर पेन्सिलने तारखा. लेजरमध्ये यातला एक नग नाही. चोरी? अजिबात नाही. "युनिटवाले शनिवारी रात्री येतात, गाडी उभी असते. वहीत टाकलं की वरून कोणीतरी दुसरीकडे पाठवायला सांगतं. मग मी त्यांना काय देऊ?" असा हिशेबाबाहेरचा साठा प्रत्येक डेपोत, प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो. तो बाहेर काढायचा असेल तर लेखी आदेश काढा: अमुक तारखेपर्यंत जे दाखवाल त्याबद्दल विचारणा होणार नाही. असा आदेश नसेल तर ही कपाटं मोजणीच्या आदल्या रात्री शेजारच्या शेडमध्ये जातात आणि मोजणी संपली की परत येतात.

दुसरं काम: एका वस्तूला एकच नाव

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच आणि सगळ्यात जास्त पैसाही याच्यातच.

६२०५ नंबरचं बॉल बेअरिंग घ्या. आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. मुंबईतल्या हार्डवेअरच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर, कोणत्याही दुकानात नंबर सांगा, पुढचा प्रश्न येईल तो फक्त 'कुठल्या कंपनीचं?' आमच्या वह्यांत हेच बेअरिंग तीन नावांनी नांदत होतं. एका डेपोने ते गाडीच्या कॅटलॉगमधल्या पार्ट नंबराने लिहिलेलं, दुसऱ्याने कारखानदाराच्या नंबराने, तिसऱ्याने 'बेअरिंग बॉल, जनरेटरचे' असं. पहिल्या डेपोत शिल्लक शून्य, तातडीची मागणी वर गेलेली. बाकी दोघांकडे चार वर्षं पुरेल इतका माल धूळ खात पडलेला. तिघंही आपापल्या परीने खरंच बोलत होते.

यावरचा उपाय जगभर एकच आहे, संहितीकरण, म्हणजे प्रत्येक वस्तूला एकच ठरलेला क्रमांक देणं. नाटोच्या पद्धतीतला साठा क्रमांक १३ अंकी असतो. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात: ३११० म्हणजे बेअरिंग, ५३०५ म्हणजे स्क्रू, ५३३० म्हणजे गॅस्केट आणि पॅकिंग, २६१० म्हणजे हवेचे टायर. पुढचे दोन अंक कोणत्या देशाने तो क्रमांक दिला ते सांगतात. भारताचा अंक ७२. उरलेले सात अंक त्या वस्तूचे स्वतःचे. आपल्याकडे हे काम १९६२ मध्ये स्थापन झालेल्या मानकीकरण संचालनालयाकडे आहे.

तुमच्या पातळीवर करायचं ते असं. सगळ्या डेपोंच्या याद्या एका तक्त्यात ओता. नावांवरून जुळवायच्या भानगडीत पडू नका, 'वॉशर', 'वाशर' आणि 'व्हॉशर' यांतच महिना जाईल. आधी वर्गाप्रमाणे वेगळं करा, मग मापं आणि कारखानदाराचा नंबर यांवरून जुळवा. संशय आला तर वस्तू हातात घ्या, व्हर्नियर लावा. दोन नोंदी एकच आहेत हे ठरवण्याचा अधिकार कारकुनाकडे ठेवू नका. सही वर्कशॉपच्या तांत्रिक माणसाची हवी, कारण दिसायला जुळी असणारी दोन सील रबराच्या जातीत वेगळी निघतात आणि गरम तेलात त्यातलं एक महिनाभरात फाटतं.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. तिन्ही दलांच्या संगणक प्रणाली वेगवेगळ्या वाढल्या आहेत: नौदलाची आयएलएमएस, हवाई दलाची इमोल्स, लष्कराच्या ऑर्डनन्सची सीआयसीपी. त्या एकमेकींशी बोलतील तेव्हा बोलतील. तोवर एक जुळणी-तक्ता हाताने सांभाळा, जुना नंबर डावीकडे, नवा उजवीकडे, आणि तो बदलायचा अधिकार एकाच माणसाला.

तिसरं: वाटेवरचा माल अडवा

आमचं पहिलं एकत्रीकरण इथेच बुडालं. शेड एक झाली, पण चार डेपोंनी आधी टाकलेले चार इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणीपत्रं, चालूच राहिले. पुढची दोन वर्षं माल येत राहिला आणि आम्ही आनंदाने उतरवून घेत राहिलो. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, आमच्याकडे शेपटातूनच नवा हत्ती आला.

त्यामुळे नावं जुळली की लगेच 'ड्यूज-इन'ची, म्हणजे मागवलेल्या पण अजून न आलेल्या मालाची, यादी काढा. ज्या वस्तूचा हातातला साठा अधिक येणारा माल दोन-तीन वर्षांच्या खपाहून जास्त होतो, तिची ऑर्डर निघाली नसेल तर इंडेंट रद्द करा; निघाली असेल तर पुरवठादाराशी बोलून नग कमी करा किंवा मुदत पुढे ढकला. पुरवठादार कुरकुरेल. तरी नको असलेला माल घेऊन दहा वर्षं सांभाळण्यापेक्षा करारातली भरपाई देऊन मोकळं होणं बहुधा स्वस्त पडतं. दोन्ही आकडे फायलीवर शेजारी शेजारी लिहा, म्हणजे सही करणाऱ्याला भीती वाटत नाही.

चौथं: कशाला हात लावायचा, कशाला नाही

दोन चाळण्या लागतात. पहिली हालचालीची: भरभर खपणारं, हळू खपणारं, न हलणारं. दुसरी निकडीची: ज्याच्याविना जहाज किंवा रणगाडा जागचा हलत नाही ते अत्यावश्यक, ज्याच्याविना काही दिवस निभतं ते आवश्यक, बाकीचं असलं तर बरं. दोन्ही मिळून नऊ खाने होतात.

'असलं तर बरं' आणि 'न हलणारं' या खान्यातल्या वस्तू संख्येने भरपूर आणि निर्णयाला सोप्या असतात. काढून टाका. उलट टोकाचा खाना मात्र फसवा आहे: अत्यावश्यक, पण दहा वर्षांत एकदाही न हललेलं. जहाजाच्या गिअरबॉक्सचं एखादं मोठं दातेरी चाक बारा वर्षं खोक्यात पडून असतं. बाहेरून आलेला हिशेबी माणूस त्यावर लाल खूण करतो. कारखान्याने ते मॉडेल बंद केलेलं असेल तर ते चाक पुन्हा कुठल्याच किमतीला मिळत नाही. याला विमा समजा. एक ठेवा, तीन असतील तर दोन काढा, आणि यंत्र ताफ्यातून जाईल त्याच दिवशी तिसरंही काढा. सर्वांत मोठी गफलत या शेवटच्या वाक्यात होते. यंत्र जातं, निरोप समारंभ होतो, आणि डेपोला कोणी कळवत नाही.

पाचवं: थोडं गणित

एकत्र केल्याने साठा का घटतो? चार डेपो आहेत. प्रत्येकाचा एका वस्तूचा खप महिन्याला सरासरी २० नग, त्यातला चढउतार ८ नगांचा, मागवल्यापासून माल यायला ४ महिने. शंभरातल्या ९५ वेळा तरी तुटवडा नको असेल तर गुणक १.६५ धरतात.

एका डेपोचा राखीव साठा (तुटवडा टाळायला जादा ठेवलेला) = १.६५ × ८ × √४ = २६.४, म्हणजे २७ नग. चार डेपोंचे मिळून १०८.

चौघं एक झाले की चढउतार ३२ होत नाही. एकाकडे मागणी वाढते तेव्हा दुसऱ्याकडे पडलेली असते, म्हणून तो ८ × √४ म्हणजे १६ होतो. आता राखीव साठा १.६५ × १६ × √४ = ५२.८, म्हणजे ५३. जवळजवळ निम्मा.

सादरीकरणात लोक इथेच थांबतात. तुम्ही आणखी तीन गोष्टी पाहा. एक, हे निम्मं होणं चार डेपोंची मागणी एकमेकांपासून स्वतंत्र असेल तरच खरं. चौघांच्या गाड्या एकाच युद्धसरावाला एकाच वेळी जात असतील तर चढउतार पूर्ण ३२ होतो, राखीव साठा तितकाच राहतो आणि वाचत काहीच नाही. दोन, माल यायचा काळ चारवरून एका महिन्यावर आणला तर प्रत्येक डेपोचा राखीव साठा २७ वरून १४ वर येतो. म्हणजे एकही खोकं न हलवता तेवढीच बचत! दर-करार (आधीच भाव ठरवून केलेला करार) करून ठेवा, जे नागदेवीला दुपारपर्यंत मिळतं त्यासाठी लांबलचक निविदा काढू नका, अर्धं काम तिथेच होतं. तीन, हे सूत्र फक्त राखीव साठ्याचं आहे. न हलणाऱ्या मालाला कुठलंही वर्गमूळ लागू पडत नाही. चार डेपोंतलं भंगार एका ठिकाणी आणलं तर ते चौपट मोठं भंगार होतं, वर ट्रकचं भाडं.

जे एकत्र करू नये

दारूगोळा. यावर चर्चा नको. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. त्या एकाच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि सोबत कापसाच्या गाठी. गोदी उद्ध्वस्त झाली, मांडवी-मस्जिदच्या बाजूला आग पसरली. अग्निशमन सप्ताह आजही त्याच तारखेला सुरू होतो. अलीकडचं उदाहरण हवं तर ३१ मे २०१६ ची पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा डेपोतली आग. स्फोटकांचं अंतर आणि एका शेडमधलं वजन साठवण-वाहतूक समितीच्या नियमांनी ठरतं, खर्च-बचतीच्या फायलीने नाही.

इतर मालातही सगळी अंडी एका टोपलीत नकोत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुमचं एकमेव गोदाम कुर्ल्याच्या सखल भागात असतं तर? अत्यावश्यक खान्यातला थोडा माल दुसऱ्या, उंचावरच्या जागी ठेवाच. आणि गोदीत उभ्या जहाजाला रोज लागणारं किरकोळ सामान गोदीपाशीच राहू द्या. नटबोल्टसाठी शहर ओलांडायला लावलं की वर्कशॉपवाले हिरवी कपाटं भरायला लागतात.

आता ट्रक

आता कुठे खोकी हलवायची. ऑक्टोबर ते मे एवढाच काळ धरा. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत उघडं बेअरिंग रात्रीत तांबूस होतं. गंजरोधक कागद आणि सिलिका जेलच्या पुड्या कंजूषपणा न करता वापरा. अवजड वाहनांना सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी बंदी असते, म्हणजे माल रात्री भरावा-उतरवावा लागेल. रात्रपाळीच्या भत्त्याची मंजुरी आधी घ्या.

सगळे वर्ग एकदम हलवू नका. एक वर्ग निवडा. आम्ही दुसऱ्या वेळी टायर घेतले. ते मोठे, मोजायला सोपे, आणि हरवले तर दिसतात. ज्या गोदामात जाणार तिथली फळी आणि खण आधी ठरवून बिनकार्ड आधी लावलं, माल नंतर आला. 'आधी उतरवू, मग लावू' म्हटलं की तो माल वर्षभर दारातच राहतो. पहिले तीन महिने युनिटच्या मागणीपासून मिळण्यापर्यंत किती दिवस लागले हे रोज फळ्यावर लिहा. आधी तीन दिवस लागत असतील आणि आता सात लागत असतील तर तिथेच थांबा, पुढचा वर्ग हलवू नका. पहिल्या तीन महिन्यांत विश्वास गेला की साठा पुन्हा वाढतो, फक्त तो तुमच्या वहीत दिसत नाही.

भंगार

रे रोडजवळच्या दारूखान्याचं नाव एकेकाळच्या दारूगोळ्याची आठवण देतं, आणि पुढे तिथे जहाजं तोडू लागले. माझ्या मते डेपोतल्या निम्म्या मालाचा नैसर्गिक प्रवास तोच आहे, आपण तो वीस वर्षं अडवून ठेवतो. सरकारी नियमांत २ लाख रुपयांहून जास्त अंदाजित किमतीच्या निरुपयोगी मालासाठी जाहीर निविदा किंवा लिलाव लागतो, आणि एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावाने तो सुटसुटीत झाला आहे. अडतं ते राखीव किमतीवर, म्हणजे जिच्याखाली माल विकायचा नाही त्या किमतीवर. खरेदी किंमत डोळ्यांपुढे ठेवून राखीव किंमत लावली की कोणी बोली लावत नाही, लिलाव रद्द होतो, माल आणखी वर्षभर कुजतो. तो पैसा खरेदीच्या दिवशीच गेला. बाजारातला आजचा धातूचा भाव धरा. तांबं, पितळ, लोखंड, रबर वेगळं करून लॉट पाडा. मिसळलेल्या ढिगाला मिसळलेलाच भाव येतो. गणवेश, हेल्मेट, शस्त्रांचे भाग कापून, चेपूनच बाहेर काढा, आणि कापताना अधिकारी स्वतः उभा राहू द्या.

शेड बंद करणं

बचत दाखवताना तीनच गोष्टी विचारा: विजेचं मीटर कापलं का, पहाऱ्याचा तक्ता बदलला का, चाव्या परत केल्या का. रिकाम्या शेडला चोवीस तास पहारा असेल तर एक रुपयाही वाचलेला नाही.

माणसांचं मी शेवटी लिहितोय, पण ते सुरुवातीला करा. बदलीचे आदेश मुलांच्या शाळा सुटल्यावर, एप्रिल-मेच्या सुमारास निघावेत. घाटकोपरच्या माणसाला कांदिवलीला टाकलंत तर लोकल बदलून त्याचे रोज तीन तास जातात, याची दखल ड्यूटीच्या वेळेत घ्या. कोणता खोका कोणत्या साली कुठून आला हे ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना निवृत्तीआधी जुळणी-तक्त्यावर बसवा. हिरव्या कपाटवाले काका शेवटचे सहा महिने आमच्याकडे तेच करत होते, आणि निम्म्या 'सापडत नाही' नोंदी त्यांनी खुर्चीवरून न उठता सोडवल्या.

मग शेवटच्या लेजरच्या शेवटच्या पानावर लाल शाईने रेघ मारायची, शिल्लक 'निरंक' लिहायची, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, तारीख. ती वही नव्या गोदामाच्या कपाटात वरच्या खणात ठेवा, रद्दीत घालू नका. ऑडिटवाले दोन वर्षांनी येतात आणि पहिल्यांदा तीच मागतात.